घरबसल्याची बचत

६ नोव्हेंबर १९५७, बुधवार. सकाळी १०

पाय मोडला. उजवा, गुडघ्याखाली. सोमवारी कोहमाऱ्याहून सायकलने येत होतो, मध्ये बकरी आली आणि मी सायकलसकट धानाच्या बांधीत. दोष शंभर टक्के बकरीचा. काल गोंदियाला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, बेचाळीस दिवस खाट सोडायची नाही.

बिडी कारखान्यात निरोप धाडला. मॅनेजरसाहेबांचं उत्तर आलं, जागा राखून ठेवतो, पगार मात्र हजेरीवर. नियम आहे. मी स्वतः चेकर, मला नियम शिकवायला नको. अकरा वर्षं बायकांच्या बिड्या तपासतोय. सैल दिसली, पोकळ दिसली, की टाक छाटीत. छाटीचे पैसे मिळत नाहीत. बाई रडो की भांडो.

घाबरलो नाही. उलट पडल्यापडल्या एक सिद्धांत सुचला. माणसाचा पैसा जातो कुठे? उंबरठ्याबाहेर. हॉटेलचा चहा, पान, सायकलचं पंक्चर, मंडईतली जिलेबी. आता माणूसच उंबरठ्याच्या आत, तर पैसा जाईल कसा? कोठीत तांदूळ आहे. डब्यात रोख चाळीस रुपये आहेत. बेचाळीस दिवसांत त्याचे पासष्ट करायचे आणि मनगटी घड्याळ घ्यायचं. चेकरच्या हातावर घड्याळ पाहिजेच. डबा खाटेखाली, किल्ली करदोट्याला.

हे सगळं अनुसयेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, अन् घर कायनं चालवाचं जी? म्हटलं, बचतीनं. मग म्हणते, मी जमुनाबाईसंग बिड्या वळू का? साफ नाही सांगितलं. चेकरची बायको मांडीवर पानातंबाखूचं सूप घेऊन बसली तर माझ्या टेबलाला भिईल कोण? पुन्हा हा विषय काढायचा नाही, असंही सांगितलं. तिनं काढला नाही. समजदार आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

खर्च शून्य. सलग तिसरा दिवस.

छपराची कवेलू मोजली. तीनशे बारा. फुटकी नऊ. संध्याकाळी पुन्हा मोजली, तीनशे अकरा भरली. उद्या नक्की करू.

अनुसया दुपारची घरी नसते. जमुनाबाईकडे बसाले जातो म्हणते. जमुनाबाई म्हणजे शेजारची विधवा, आमच्याच कारखान्याची जुनी कामकरीण. बायकांना गप्पांचा कंटाळा कसा येत नाही कोण जाणे. जेवण झालं की जी जाते ती दिवेलागणीला येते. मी इथे भिंतीकडे तोंड करून. प्लास्टरच्या आत खाज सुटते, तिथे हात पोचत नाही. आज चुलीच्या फुंकणीनं खाजवायला गेलो, ती अडकून बसली. अनुसया येईपर्यंत अडीच तास फुंकणी पायात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज थोडा खर्च, पण तो खर्च नव्हे. कांबळेवाला दारात आला. नऊ म्हणाला, सहावर आणला. म्हणजे तीन रुपये वाचले! अनुसया म्हणाली, घरात दोन हायेत. म्हटलं, भाव बघ ना. मग हाड जोडायच्या तेलाची बाटली, तीन रुपये. प्लास्टर असल्यानं पायाला लागत नाही, वरून चोळतो. आत झिरपत असणार.

ही फेरीवाली मंडळी रोज दारावरून जातात आणि मी कारखान्यात असल्यानं त्यांची माझी गाठ पडत नव्हती, हे आज कळलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नवल आहे. अनुसयेनं अजून एक पैसाही मागितला नाही. मीठ येतं, तेल येतं, डाळ येते. मी विचारलं, भागतं का? म्हणाली, भागवून राहिली ना. पाहा! अकरा वर्षं ही बाई दर आठवड्याला माझ्यापुढे हात पसरत होती. एक व्याख्यान दिलं आणि सुधारली.

शिवाय बिडीचा खर्च वाचला. संध्याकाळी ती मूठभर बिड्या आणून देते. जमुनाबाईनं घरीच बाजूला टाकलेल्या, बिघडलेल्या, फुकट. ओढून पाहिल्या. अरेरे. तोंड सैल, दोऱ्याला दोनाऐवजी तीन वेढे, नवशिक्यासारखे. जमुनाबाईचा हात बिघडला म्हणायचा. मी बिडी हातात घेऊन सांगतो कोणत्या बाईची. पंचेचाळीस बायका आहेत, एकदाही चुकलो नाही. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवतात.

अनुसयेला म्हटलं, ही बिडी माझ्या टेबलावर आली असती तर गेली असती छाटीत. ती म्हणाली, ओढा मुकाट्यानं.

१८ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ३

शोध लागला. मधली भिंत कुडाची, पलीकडचं सगळं ऐकू येतं. आज कान देऊन ऐकलं. जमुनाबाईकडे कात्र्या वाजतात दोन! तेंदूपत्ता कापायची कात्री मी झोपेतही ओळखीन. एक भरभर चालते, ती जमुनाबाईची. दुसरी अडखळत. म्हणजे बाईनं कुणालातरी चोरून कामाला बसवलंय. कार्ड एकाचं, हात चार. नियमाविरुद्ध आहे.

अनुसया आल्यावर विचारलं, तू तिथेच असतेस, दुसरं कोण असतं? म्हणाली, मले तं कोनी दिसलं नाई जी. हिच्या डोळ्यांदेखत होतं आणि हिला पत्ता नाही. भोळी आहे बिचारी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उदाराम आला होता. माझ्या जागेवर बदली चेकर. पोरगेला, पण माझ्याविषयी आदर आहे. म्हणाला, शालीकभाऊ, जमुनाबाई रोज सातशे आणायची, आता बाराशे-तेराशे आणून राहिली, का करू? मी म्हटलं, मला खाटेवरून माहीत आहे. कात्र्यांचं सांगितलं. तोंडात बोट घातलं त्यानं. मग उपाय सांगितला : तिच्या ढिगात दोन हात ओळख. तीन वेढ्यांची दिसली की सरळ छाट. डोळे झाकून. चोरटीला कळू दे.

जाताना म्हणाला, ती बकरी तर बांधलेली होती म्हणतात. उदाराम नवखा आहे.

संध्याकाळी हे सगळं अनुसयेला सांगितलं. घरबसल्या कारखाना चालवतो म्हटलं. तिच्या हातातून डाळ शिजवायचं गंज पडलं. दमलेली असते अलीकडे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गावची मंडई, वर्षाची जत्रा. माझा साळा भैयाजी दरेकशाहून आला, बायको आणि दोन सासुरवाडीचे घेऊन. पाय पाहाले आलो म्हणे. पाय पाहून झाला पाच मिनिटांत, मुक्काम पाच दिवस.

मी मंडईला जाणार नव्हतो म्हणजे मंडईचा खर्च वाचणार होता. मंडईच घरात आली. इभ्रतीचा प्रश्न. डबा उघडला, मटणाला, चिवड्याला, जिलेबीला मिळून चौदा रुपये दिले. रात्री सगळे दंडारीचा खेळ पाहायला गेले. मी खाटेवर. ढोलकी ऐकू येत होती, माणसं हसल्याचं ऐकू येत होतं, कशाला हसले ते कळत नव्हतं. चांगलाच राग आला. पांघरायला तीन कांबळी होती, एवढं खरं.

३० नोव्हेंबर, शनिवार

पाहुणे गेले. जाण्याआधी भैयाजीशी पत्ते खेळलो. चार रुपये गेले. खेळात बुद्धी ताजी राहते. शिवाय त्याच्याकडून एक टेबलावरचं घड्याळ पाच रुपयांत मिळालं. चालत नाही. पण घड्याळाची सुरुवात तर झाली.

डब्यात आठ आहेत. मधल्या काळात थोडी घट ही कुठल्याही योजनेत यायचीच.

३ डिसेंबर, मंगळवार

चहात साखर नव्हती. विचारलं. अनुसया म्हणाली, तुमीच म्हणाले ना बचत करा म्हून. मी नेमकं साखरेचं बोललो होतो असं आठवत नाही, पण विचार माझाच आहे यात शंका नाही. बिनसाखरेचा चहा प्रकृतीला उत्तम. दोन घोट गेले की कडूपणा कळत नाही. तिसऱ्याला पुन्हा कळतो.

दूधही बंद झालंय. तेल अर्धं. काटकसरीत ही बाई माझ्या पुढे जाईल.

हिनं बोटांना निळ्या चिंध्या बांधल्यात. भाजी चिरताना कापलं म्हणे. रोज कसं कापतं? भाजी तर रोज नसते.

९ डिसेंबर, सोमवार

आज माझा तोल गेला. कवेलू तीनशे बारा, फुटकी नऊ. तीनशे बारा, फुटकी नऊ. दुपारी घर रिकामं, घशाला कोरड, माठ हात पुरेल तिथून वीतभर लांब. ओरडलो. भिंतीपलीकडच्या दोन्ही कात्र्या एकदम थांबल्या. क्षणात अनुसया दारात. काऊन जी ओरडून राहिले, मेले का काय? पाणी दिलं. मी म्हटलं, तू मला टाकून गप्पा हाणायला जातेस, तुला नवऱ्याची पर्वा नाही. तिनं माठ खाटेजवळ सरकवला. मग म्हणाली, तुमाले सारंच पान्यासारखं फुकाचं दिसते. आणि गेली परत.

मला रडू आलं. खरंच आलं. ३४ दिवस झाले. माणसानं किती पडून राहावं?

ती गेली आणि कात्र्या पुन्हा सुरू. त्या चोरटीनंही माझं ओरडणं ऐकलं असणार. लाज वाटली.

१४ डिसेंबर, शनिवार

उदाराम खूश. म्हणाला, भाऊ, तुमच्या सांगण्यानं शेकड्यामागं चाळीस-चाळीस काढून राहिलो. जमुनाबाई हात जोडून म्हणाली म्हणे, त्या अडल्या बाईच्या बिड्या होत बाबू, तिच्या घरी मानूस पडून हाय, दया कर. उदाराम जरा विरघळलेला दिसला. मी खडसावलं. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी पडलेलं असतं. दया दाखवायची तर टेबल कशाला मांडायचं? आता मीच पडलोय की नाही? मी कुणाची दया मागितली?

१७ डिसेंबर, मंगळवार

उद्या प्लास्टर कापायला गोंदियाला जायचं. मोटारीचं भाडं, डॉक्टर, वर चहापाणी, वीसेक रुपये हवेत. डब्यात आठ. दिवसभर कपाळाला हात लावून बसलो होतो. कांबळं विकायला काढलं, कांबळेवाला दोन रुपये म्हणाला. चोर.

संध्याकाळी अनुसयेनं कमरेची पिशवी काढली. पंधरा रुपये मोजून खाटेवर ठेवले. सगळी चिल्लर, जुने आणे नि नवे पैसे एकत्र, दोन मळक्या नोटा. मी थक्क. कुठले म्हटलं. म्हणाली, बचतीचे.

बघा! एक छदाम न देता सहा आठवडे घर चाललं आणि वर पंधरा उरले. जगात कुणाला हे पटणार नाही. माझा सिद्धांत शब्दशः खरा ठरला. कारखान्यात सगळ्यांना सांगणार आहे.

१८ डिसेंबर, बुधवार. रात्री

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा झालाय. पण माझा आहे, आणि उंबरठा ओलांडतो आहे. मोटारीत खिडकीशी बसलो. सडकेवरच्या सगळ्या बकऱ्या बांधलेल्या होत्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज कामावर रुजू. काठी टेकत गेलो. मॅनेजरसाहेब स्वतः टेबलापर्यंत आले. बायकांची रांग लागली. उदारामला शेजारी उभं केलं, बघ म्हटलं, शीक. हात चालायला लागला. सैल, टाक. पोकळ, टाक. बरं वाटलं. दीड महिन्यात काही विसरलो नव्हतो.

तिसरी जमुनाबाई. तिनं पाटी ठेवली. तीन वेढ्यांचे कट्टे मी न बघताच ओळखले. पंचवीसचा एक, टाक. दुसरा, टाक. तिसरा, चौथा. साहेब हसले. उदाराम म्हणाला, वा भाऊ, तुमचा हात तो तुमचा हात.

चौथ्या कट्ट्यातली एक बिडी बोटांत राहिली. सैल तोंड. तीन वेढे. दोऱ्यात चिंधीचा एक धागा गुंतलेला, निळा. ही बिडी मी सहा आठवडे रोज संध्याकाळी ओढली आहे. निळी चिंधी मी रोज ताटाजवळ पाहिली आहे, वाढताना.

पंचेचाळीस बायका ओळखतो. ही सेहेचाळिसावी.

जमुनाबाई माझ्याकडे पाहत होती. हळूच म्हणाली, टाका जी, टाका. तुमच्याच घरचं हाय.

चार कट्टे परत उचलता आले असते. शंभर बिड्या होत्या, सव्वा रुपया हजारी. साहेब शेजारी उभे होते. उदाराम शिकत होता. मी पुढच्या बाईला बोलावलं.

रात्री ८

घरी आलो. अनुसया चुलीपाशी होती. माझ्या कामाविषयी ती कधी विचारत नाही. आज विचारलं. छाट किती निघाली जी आज?

शंभर, म्हटलं.

बरं, म्हणाली. चहाची कपबशी पुढे ठेवली. साखर नव्हती. मागितली नाही, प्यालो.