पोस्टमनच्या कपाळावरचं कुंकू

१९ ऑक्टो. ९७, रवि.
अकरावी सही आली! सिनेमातल्या आत्याबाईंची. सोबत चिठ्ठी, 'नाशिकच्या द्राक्षांची आठवण येते.' आई म्हणाली, मागतेय ती.
गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो सिनेमा सहादा पाहिला. बबलगमच्या पुड्यात त्यातल्या नटनट्यांच्या फोटोंची बारा कार्डं, जबडा दुखेपर्यंत गम चघळून जमवली. आधी विचारणारं पत्र, होकार आला की सहीसाठी कार्ड, ही माझी पद्धत. आता उरला पोस्टमनचं काम केलेला म्हातारा नट. तीन पत्रं गेली, उत्तर नाही. पोस्टमन असून!

३० ऑक्टो., लक्ष्मीपूजन
आईनं घोळ घातला. आमच्याकडे अडलेल्या कामाचा कागद लक्ष्मीपुढे ठेवतात. दादाच्या नोकरीचा अर्ज ठेवला होता तसं हिनं पोस्टमनचं कार्ड ठेवलं. वर हळदकुंकू वाहिलं, ओल्या बोटानं, बरोब्बर कपाळावर. पुसायला गेले तर आणखी पसरलं. डोक्यात तिडीक गेली. सणाच्या दिवशी आईवर ओरडायला नको होतं.
त्यात दादा पचकला, "आई, जिवंत माणसाच्या फोटोला कुंकू लावलंस?"
आईचा चेहरा खर्रकन उतरला.

९ नोव्हें., रवि.
पोस्टमनकाकांच्या नाटकाचा आज इथे प्रयोग होता. सकाळी पेपरात, त्यांची तब्येत बिघडली, प्रयोग पुढे ढकलला. मी पेपर उशीखाली लपवला, तर शेजारच्या काकूंनी स्वतःचा आणून वाचून दाखवला.
आई जेवली नाही. माझ्या हातानं झालं, एवढंच म्हणते. वणीच्या देवीला खण बोलली. दादाची पाचावर धारण.
सही-बिही गेली खड्ड्यात. म्हातारा बरा होऊ दे.

२३ नोव्हें.
नवी तारीख आली, १४ डिसें. आई जेवायला लागली. पण म्हणते, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं नाही.

१४ डिसें., रवि.
प्रयोग संपल्यावर आत गेलो. आईच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. काका वाळलेत, पण आवाज तोच. मी कार्ड पुढे केलं, तेवढ्यात आईनं सगळं कबूल करून टाकलं. लक्ष्मीपूजन, कुंकू, दादा, वणी, सगळं.
ते कार्डाकडे बघून खो खो हसले. मग म्हणाले, "बाई, लोक हार घेऊन तयार होते. तुम्ही नुसत्या कुंकवावर भागवलंत, म्हणून वाचलो."
आई एकदम रडायलाच लागली. मग हसली.
मी पेन दिलं, तर कार्ड त्यांच्या खिशात! "हे माझ्याकडे राहू दे. दुसरं सही करून पोस्टानं पाठवतो." माझा पत्ता लिहून घेतला. नाही कसं म्हणणार? आता सही नाही न् कार्डही नाही. रिक्षात आई म्हणाली, डबा तिथेच राहिला.

२२ डिसें., सोम.
अल्बममधला बारावा खण रिकामा. दादा म्हणतो, तीन पत्रांना उत्तर न देणारा माणूस आता देणार होय? नवल म्हणजे मला राग येत नाहीये. त्यांच्या खिशात ते कार्ड आहे, याचंच बरं वाटतंय.
दुपारी पोस्टमन आला, आमचा, खरा. आई माझ्या आधी दारात. विम्याचं पत्र निघालं.
तिनं त्याला डिंकाचा लाडू दिला, आणि उद्या पिशवीत नीट बघ म्हणाली.