तब्येत सुधारल्याचा घोटाळा

प्रिय फुसाए,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी पडली, वऱ्हांड्यात मुळे वाळत टांगलेत आणि मी खुशाल आहे. जरा जास्तच खुशाल आहे, त्याचंच हे रडगाणं. तुझे गुडघे कसे आहेत? यजमान गेल्यापासून तू कोतात्सूच्या, त्या खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, गोधडीखालून पाय बाहेर काढत नाहीस, असं तुझी शेजारीण फोनवर सांगत होती. (तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.)

तर ऐक. मी या वृद्धाश्रमात आले तेव्हा चाकांच्या खुर्चीत होते आणि मजेत होते. पण व्यायामाच्या होशिनाबाईंना बसलेलं माणूस बघवत नाही. (जन्मभर शाळेत कवायत घेतली, त्याचा हा परिणाम.) आधी जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायला लावला. मी म्हटलं, हे माकडाचं काम. मग खुर्चीतून उठा, बसा, उठा, बसा. परत बसायचंच आहे तर उठवता कशाला, असं विचारलं की त्या शिट्टी फुंकायच्या. शेवटी त्यांनी माझ्या हातात गेटबॉलचा दांडा दिला, चेंडू छोट्या कमानींतून घालवायचा खेळ, आणि तिथेच माझा घात झाला. समोरच्याचा चेंडू मैदानाबाहेर टोलवण्यात काय सुख आहे म्हणून सांगू! खुर्ची कधी सुटली कळलंच नाही. (आता तिच्यात मांजर झोपतं.)

आता घोटाळा बघ. इथे फार मदत लागणाऱ्यांनाच जागा मिळते, आणि ते ठरवायला नगरपालिकेचा तपासनीस येतो. सुधारलात की गाशा गुंडाळा. म्हणून आमच्या संघाचे कर्णधार तोकुझो-सान (जुने मच्छीमार, आवाज अजून समुद्रावरचाच) यांनी मला बजावलं, "सुगिएबाई, उद्या कण्हायचं. उठायचं नाही. तुम्ही गेलात तर टोलवणार कोण, माझी आजी?" मलाही जायचं नव्हतंच. इथे मैत्रिणी आहेत, गरम पाण्याचं टाकं आहे. मी कण्हण्याचा चांगला सराव केला.

तपासनीस आला. मी हात अर्धाच वर नेला, सकाळी काय खाल्लं ते विसरले, उठता उठता परत बसले. होशिनाबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. त्याने हळहळत लिहून घेतलं आणि तो चहाला गेला. मला मांजराच्या खुर्चीतून मैदानाकडे नेलं, तिथे नदीपलीकडच्या आश्रमाशी सामना रंगला होता. शेवटचा चेंडू, पाळी माझी. तोकुझो-सान दातांत पुटपुटले, "बसून राहा." तेवढ्यात पलीकडची एक बाई म्हणाली, "बसू द्या हो त्यांना, वय झालंय." फुसाए, ती माझ्याहून मोठी आहे. मी उठले, चालत गेले आणि टोलवला. आम्ही जिंकलो. वळून बघते तर खिडकीच्या कट्ट्यावर कप ठेवून तपासनीस टाळ्या वाजवतोय.

निकाल लागला: अभिनंदन, जागा सोडा. होशिनाबाई आनंदाने रडल्या. तोकुझो-सान माझ्याशी बोलत नाहीत. (पण त्यांचा स्वतःचा दांडा माझ्या सामानात बांधलेला सापडला.)

तुझी ताई,
सुगिए

ता. क. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? सोमवारी येते. नको म्हणणारं पत्र तोवर इथे पोचत नाही, मी चौकशी केली आहे.

ता. क. अंगणातल्या कुंड्या हलवून ठेव, कमानी रोवायच्या आहेत. आणि कोतात्सूपाशी एक टॉवेल टाकून ठेव. कशाला ते तुला आता माहीत आहे.

ता. क. तोकुझो-सानना कधी भेटलीस तर सांगू नकोस. तुझ्या शेजारणीशी फोनवर बोलणं झालं ते तपासनीस आला त्याच दिवशी सकाळी. आणि तपासनीस कट्ट्यावर कप ठेवत होता, ते मला चेंडू मारायच्या आधीच दिसलं होतं.