गडवालीचा तिसरा भाग

मी, तुळसाबाई उकंडा पाईकराव, धर्म बौद्ध, पूर्वी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणारी व आता घरीच, राहणार ढाणकी, जिल्हा यवतमाळ, वय पंचावन्नच्या आसपास (जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, मोठ्या तापाची साथ आली तेव्हा मी डोक्यावर घागर घेण्याएवढी होते), माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवीत आहे. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. माझे डोके ठिकाणावर नाही असे वस्तीत काही जण म्हणतात, कारण मी भरदुपारी कादंबऱ्या वाचते आणि वाचताना रडते. त्यांनी हा कागद शेवटपर्यंत ऐकावा आणि मग काय ते ठरवावे.

आधी उमरखेडला अर्जनवीसाकडे गेले होते. घर, भांडी, शेळ्या त्याने भराभर लिहिल्या. पुस्तकांपाशी आल्यावर म्हणाला, "बाई, रद्दीचं कायले लिहिता?" मी कागद उचलला आणि पुढच्या एसटीने परत आले. हे अक्षर माझे आहे. खाडाखोडही माझीच आहे.

कलम १. दोन खणांचे राहते घर, न्हाणी, शेळ्या व सगळी भांडी माझा एकुलता मुलगा पंजाबराव यास द्यावी. त्यात अट नाही. वस्तीच्या कडेची माझी खोली त्याला भाड्याच्या सायकली ठेवायला हवी होती. ती मिळणार नाही. रुसला तर रुसू द्यावे, तो लहानपणापासून दोन दिवसांवर रुसत नाही.

कलम २. माझ्या देहाचे जे करायचे ते बुद्धवंदना म्हणून करावे. दहावे, तेरावे, कावळा, पिंड यांतले काही करू नये. शेजारच्या बायांना भूक लागते म्हणून त्यांना मात्र जेवू घालावे. पोटातली गाठ किती दिवस देईल हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

कलम ३. वर सांगितलेली खोली, नऊ फूट बाय बारा, मातीच्या भिंती, वर टिन, मी माझ्या जिनातल्या मजुरीतून घेतली आहे. तीत नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा एक पैसा नाही. ही खोली, तीतली लोखंडी पेटी, पेटीतल्या त्रेचाळीस कादंबऱ्या आणि मोठी सतरंजी माझी सून सत्यशीला हिला कायमची देत आहे. ती चौथी शिकलेली आहे व तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. दुपारी कामे आटोपली की वस्तीतल्या आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या मिळून वीसेक बाया तिथे येतात आणि मी वाचते. माझ्यामागे सत्यशीलेने वाचावे. पंजाबरावाने तिला त्या वेळी चहा मागू नये.

कलम ४. या कलमात कोणाला काही द्यायचे नाही, पण ते गाळू नये.

सन पन्नासात सदाशिवराव मास्तरांनी आमच्या वस्तीत मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला. मी तेव्हा चाळिशीची, विधवा. अंकलिपी संपली तेव्हा मास्तरांना म्हटले, आता काय वाचू? त्यांनी लाजत लाजत त्यांच्या मंडळींची एक कादंबरी दिली. जुन्या राज्यातली, गडकोटांची, प्रेमाची. एका पानाला मला एक दुपार लागे. राजकन्या सज्जात येऊन उभी राहिली ती आठ दिवस उभीच होती, कारण पुढच्या वाक्यातली जोडाक्षरे मला फुटत नव्हती. आठव्या दिवशी ती दोर धरून खाली उतरली. तेव्हा मला जो आनंद झाला तो सून घरात आली त्या दिवशीही झाला नाही. सत्यशीला, हे मी तुला तोंडावरही सांगितले आहे.

तेव्हापासून मला याच कादंबऱ्या आवडतात. वेणीत लपवलेली चिठ्ठी, चोरदरवाजा, घोड्याच्या टापा, लढाईला निघालेला सरदार आणि त्याला ओवाळताना हात न थरथरू देणारी बाई. शेवट काय होणार हे दहाव्या पानावर कळते, तरी मी दोनशे पाने धडधडत्या छातीने वाचते. यातून काय शिकलात असे मला पंचांनी विचारले होते. काही शिकले नाही. मजा आली. जन्मभर सरकी, कचरा आणि दुसऱ्याच्या शेतातले तण निवडले, तर मजा कुठे लिहून ठेवली होती माझ्या वाट्याला? ती मी स्वतः वाचून घेतली.

आपल्या लोकांच्या हाती अक्षर यावे म्हणून ज्यांनी हाडांची काडं केली, त्यांच्या उपकारात मी आहे. बाबासाहेबांचे पुस्तक माझ्या पेटीत सगळ्यांत वर असते आणि तेही मी वाचते. या कादंबऱ्यांत आपली माणसे कुठे असतात हे मला कोणी शिकवू नये. ती घोडा धरून, मशाल धरून उभी असतात आणि त्यांना नाव नसते. मला ते दिसते. राग येतो. राग येऊनही मी पान उलटते. राजकन्या बापाला "मी नाही करणार हे लग्न" म्हणते तेव्हा माझ्या खोलीत कोणी खोकतसुद्धा नाही. मग घरी जाऊन एखादी बाई नवऱ्याला कशाला तरी नाही म्हणते, आणि तो नवरा आमचे पंच डोमाजी यांच्याकडे तक्रार घेऊन जातो.

कलम ५. डोमाजी हे माझे धाकटे दीर व वस्तीचे पंच. त्यांच्याबद्दलचे माझे म्हणणे नोंदवून ठेवते.

मास्तरांच्या वर्गात त्यांनाही बोलावले होते. "बायाईच्या रांगेत मी बसत नाही," असे म्हणून ते गेले आणि आजही अंगठा देतात. छप्पनच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीने धम्म घेतला. मीही पांढरे लुगडे नेसून आनंदाने घेतला. घरोघरचे देव आणि पोथ्या पोत्यात भरून पैनगंगेत सोडायचे ठरले व ते काम डोमाजींनी अंगावर घेतले. माझ्या घरचे देव मी आधीच काढून ठेवले होते आणि रिकाम्या कोनाड्यात, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून, माझ्या अकरा कादंबऱ्या लाल फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मी जिनात होते. संध्याकाळी आले तर कोनाडा मोकळा.

"मले काय मालूम, वहिनी," डोमाजी म्हणाले. "कोनाड्यात होतं, लाल फडक्यात होतं. मले वाटलं पोथी आहे."

ही चूक मी त्याच दिवशी माफ केली. ज्याला वाचता येत नाही त्याला लाल फडके सारखेच. पण मग पाचजणांसमोर ते म्हणाले, "बुडलं तं बरंच झालं. पोथीत देव, ह्याच्यात राजे. आपल्या कामाचं कोणीच नाही." हे वाक्य मी माफ केलेले नाही. सात वर्षे झाली, अजून केलेले नाही, आणि मेल्यावर माणूस सगळे माफ करतो असा समज कोणी करून घेऊ नये. दर हंगामाला उमरखेडच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात बसून मी बुडालेल्या अकरांच्या जागी त्रेचाळीस केल्या.

कलम ६. खोलीकडे जायची एकच वाट आहे आणि ती डोमाजींच्या अंगणातून जाते. "वहिनी आहे तवर आहे. मंग मी काट्या टाकतो," असे त्यांनी पंजाबरावाला सांगितले आहे. काट्या पडल्या तर खोली असून नसल्यासारखी. आपली नाही ती वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही, एवढा कायदा मला कळतो. वाट त्यांची आहे. म्हणून तिच्याबद्दल मी हुकूम करीत नाही, फक्त डोमाजींना एक वस्तू देत आहे.

हिरव्या पुठ्ठ्याच्या तीन भागांच्या कादंबरीला बाया "गडवाली" म्हणतात. तिचे दोन भाग मी तीन वर्षांत दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्या भागाच्या शेवटी गडाला वेढा पडतो. सरदार आणि राजकन्या चोरवाटेने निघून जातात आणि त्यांचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, खालच्या दरवाजाशी दोन घोडी धरून उभा राहतो. त्याचे नाव उकंडा, म्हणजे माझ्या नवऱ्याचेच. पहिल्यांदा हे नाव वाचले त्या दिवसापासून, वाचन सुरू झाले की खोलीच्या मागच्या खिडकीखाली बाज सरकल्याचा आवाज येतो. खिडकी डोमाजींच्या अंगणात उघडते. डोमाजी तीन वर्षे ऐकत आहेत आणि त्यांना वाटते की मला माहीत नाही.

तिसरा भाग कुठेच मिळत नव्हता. तो मला गेल्या संक्रांतीच्या बाजारात मिळाला. मी वाचला आहे. बायांना वाचून दाखवणे राहिले, कारण आता दोन पानांत दम लागतो. हा तिसरा भाग, जो वरच्या त्रेचाळीसांत धरलेला नाही, मी डोमाजींना देत आहे. त्यांनी तो खुशाल घरी न्यावा, उशाखाली घेऊन झोपावे. पण ऐकायचा असेल तर तो फक्त सत्यशीलेने, फक्त खोलीत, सगळ्या बाया असताना वाचावा, आणि डोमाजींनी पुढच्या दाराने येऊन सतरंजीवर बसावे. बाया यायच्या तर वाट मोकळी पाहिजे. खिडकी लावून घेण्याचा अधिकार सत्यशीलेला आहे. पंजाबरावाने चुलत्याची दया येऊन गुपचूप वाचून दाखवले, तर पहिल्या कलमात अट नाही म्हटले असले तरी शेळ्या परत घ्याव्या.

कलम ७. हे कलम सत्यशीलेसाठी आहे. ते मोठ्याने वाचू नये. पंजाबराव, तुझ्या नजरेस पडले तर तोंड बंद ठेव.

सत्यशीला, तू दुसरा भाग माझ्या खांद्यावरून पाहिलास त्या दिवशी तुला कळले आणि तू बोलली नाहीस. पुस्तकात मोतद्दाराला नाव नाही. "एक मोतद्दार घोडी धरून उभा होता" एवढेच छापले आहे. नाव मी घातले. त्याचे हसणे, घोड्याच्या कानात बोलायची सवय, घरी मागे राहिलेली बायको, हे सगळे मी वाचता वाचता घातले.

तुझा सासरा एका मोठ्या शेतकऱ्याच्या तट्टाची चाकरी करी. चव्वेचाळीस साली मालकाबरोबर राळेगावकडे गेला. तिथे ताप भरला. मालक त्याला धर्मशाळेच्या ओट्यावर ठेवून पुढे निघून गेले. मालक परत आले, तट्टूही परत आले. डोमाजी भावाला आणायला पायी गेले, सहा दिवस चालले, आणि पोचले त्याच्या आदल्या दिवशी परक्या लोकांनी त्याचे प्रेत जाळले होते. परत आल्यावर डोमाजी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आजपर्यंत नाही. मीही विचारले नाही. मला नवरा दरवाजाशी उभा असलेला पाहिजे होता, म्हणून उभा केला.

तिसऱ्या भागात मोतद्दार नाहीच. सरदाराचे लग्न होते, हत्ती येतात, साखर वाटतात, आणि लिहिणाऱ्याला दरवाजाशी ठेवलेल्या माणसाची आठवण राहत नाही. तू ठेव. त्याला तिथून सोडव. कसा, ते तू ठरव, पण घाई करू नकोस, महिना-दोन महिने लागू दे, आणि त्याला चालत घरी आण. कोणी म्हणेल हे खोटे वाचन झाले. त्याला सांग, सासूने लिहून ठेवले आहे.

कलम ८. माझा चष्मा खोलीत खुंटीला टांगून ठेवावा, ज्या बाईला लागेल तिने लावावा. विळा व खुरपे तांड्यावरच्या रुक्माबाईला द्यावे. मी वाचते ते ती तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत सांगते आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगते. पोस्टाच्या पुस्तकात जे निघेल त्यातून दरवर्षी नवी कादंबरी घ्यावी. राजे असलेलीच घ्यावी. सुधारणेची पुस्तके पंच घेतील.

हा कागद आज दुपारी सत्यशीलेने खोलीत, साक्षीदार व जमलेल्या बाया यांच्यासमोर मोठ्याने वाचला. सातव्या कलमाशी ती थांबली, ते तिने मनातल्या मनात वाचले, पदराने डोळे पुसले आणि आठव्यापासून पुढे वाचले. त्यानंतर जे घडले ते उद्या कोणी नाकारू नये म्हणून इथेच लिहिते.

मागच्या खिडकीतून डोमाजींचा आवाज आला. "वहिनी, तो घोडेवाला सुटते का तिथून?"

मी म्हणाले, "पुस्तक तुमचं झालं, भाऊजी. आत येऊन विचारा."

"बायाईत?"

"बायाईत."

खिडकीखाली बाज सरकली. मग ते पुढच्या दाराने आले. रुक्माबाईने सरकून सतरंजीवर जागा दिली. ते बसले, आणि माझ्याकडे न पाहता सत्यशीलेला म्हणाले, "पोरी, दादा येते का घरी?"

सत्यशीला म्हणाली, "वाचल्याबिगर कसं सांगू, काकाजी? उद्या दुपारी या. अन् बायाईले येऊ द्या."

त्यांनी हात पुढे केला आणि मास्तरांनी शाई लावली.

ठिकाण ढाणकी. रविवार, दिनांक १७ मार्च १९६३.

सही: तुळसाबाई उकंडा पाईकराव, स्वहस्ते.

साक्षीदार:
१. सदाशिवराव मास्तर, सेवानिवृत्त शिक्षक, सही.
२. रुक्माबाई धावजी राठोड, सही (तीन महिन्यांपूर्वी शिकलेली).

अंगणातली वाट तुळसाबाईंच्या मागेही मोकळी ठेवण्यास कबूल:
डोमाजी पाईकराव, पंच, यांचा डावा अंगठा. खोलीच्या आत, बायांमध्ये बसून दिला.