बावीस पानं आणि भिंतीवरचा नियम

पाथरी, ता. ७ फेब्रुवारी १९९४

चि. हेमास रंगनाथकाकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

गेल्या महिन्यात नामांतराच्या बंदोबस्तात एसट्या बंद होत्या, म्हणून पुण्याहून तू धाडलेल्या लिनक्सच्या फ्लॉप्या उशिरा, दहा दिवसांपूर्वी हाती आल्या. चोवीस मोजून घेतल्या. अकरावी कुरकुरत होती, तिसऱ्या खेपेला वाचली.

दुकानदारानं आपल्या संगणकात डॉस या यंत्रणेची चोरटी नक्कल भरून दिली होती. टायपिंगच्या वर्गात शिस्त शिकवायची आणि यंत्रात चोरी ठेवायची, हे मला डाचत होतं. हे लिनक्स कुणीही उतरवून घ्यावं, शिकवावं, असं तुझ्या सरांनी सांगितलंय म्हणतेस. मग बेधडक शिकवतो. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पण तुझ्या सूचनांच्या कागदातल्या तीन चुका दुरुस्त करून सोबत धाडल्यात.

ही नवी यंत्रणा मात्र नेकीची आहे. रोज सकाळी सुरू होताना पाच मिनिटं घेऊन स्वतःची डिस्क स्वतः तपासते. पोरांना म्हटलं, शिका काही!

सहा जण वर्गात आहेत. त्यांत मनकर्णा म्हणून शेतकऱ्याघरची बाई आहे, दोन लेकरांची आई. पहिल्या दिवशी म्हणाली, सर, जुनं आत्ताशी हाताला बसलं होतं, तुमी पुन्हा नवं काहून काढलं? आता सगळ्यांच्या पुढं तीच आहे.

वहिनींस नमस्कार. तब्येतीस जप, पत्राला आळस करू नये, ही मागणी.

तुझा काका,
रंगनाथ

*

पाथरी, ता. २१ फेब्रुवारी १९९४

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितोय, कारण घात झाला. परभणीला शेतकीचं शिकणारा मुंजाजी, त्याचा कपाशीवरचा प्रबंध मनकर्णा टाइप करायलीय. तिची पहिलीच कमाई. बावीस पानं झाली होती. आज सकाळी यंत्रणेनं डिस्क तपासली आणि फाइल गायब. प्रबंध आठ मार्चला द्यायचाय.

मी सगळ्यांसमोर तिला बोललो, की सेव्ह केलं नसशील. ती म्हणाली, केलं होतं. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही. तिनं वही उचलली आणि निघून गेली. वर्गातला सोनपेठचा आश्रुबा म्हणतो, सर, आपलं जुनंच बरं होतं. बाकीचेही तेच म्हणतील.

तिची चूक नेमकी कुठं झाली, तेवढं कळव. लोभ आहेच, या घडीला उत्तराची निकड जास्त.

रंगनाथकाका

*

पुणे, ता. २५ फेब्रुवारी १९९४

ती. रंगनाथकाकांस कृ. सा. न. वि. वि.

काका, रागावू नका. तुमच्या वर्गाच्या भिंतीवरचा तो नियम अजून आहे ना? काम संपताच आधी बटण बंद, मग खुर्ची सोडा. लहानपणी मी पंख्याचं बटण विसरले, तर तो तुम्ही माझ्याकडून पाच वेळा म्हणवून घेतला होता.

डॉसला तो चालायचा. लिनक्स सेव्ह केलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरवत नाही. थोडं जवळ धरून ठेवतं आणि सवडीनं उतरवतं. म्हणून आधी शटडाउनचा हुकूम द्यायचा, थांबल्याची ओळ पडद्यावर येऊ द्यायची, मगच बटण. रोज सकाळची तपासणी म्हणजे नेकी नव्हे, काका. आदल्या दिवशी यंत्राचा गळा आवळला गेला होता, त्याची ती मलमपट्टी.

चूक मनकर्णाबाईंची नाही. त्यांनी तुमचा नियम पाळला. थोडी माझीही आहे. सूचनांच्या कागदात बंद कसं करायचं हे मी लिहिलंच नाही. आणि तुमच्या पहिल्या पत्रात सगळं दिसत होतं, मी हसून ठेवून दिलं. तुम्ही काढलेल्या तीन चुकांत ही चौथी धरा.

धाकटेपणी जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

तुमची,
हेमा

*

पाथरी, ता. ९ मार्च १९९४

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक सापडते का पाहिलं, नाही सापडली.

मग सायकल काढून मनकर्णाच्या गावी गेलो. ती कापूस वेचायलीती. बांधावर उभं राहूनच सांगितलं, की चूक माझी होती. तिनं ओटीतला कापूस आधी रिता केला. मग म्हणाली, सर, बोललात चौघांत अन् कबूल करायलात कपाशीत. हे कसं जमावं?

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून सहाही जणांपुढं सांगितलं. आश्रुबा खाली बघत होता. वर्ग काढल्यापासूनच्या बारा वर्षांत मी चुकलो असं कुणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा.

बावीस पानं आम्ही दोघांनी मिळून परत टाइप केली, अकरा तिनं, अकरा मी. माझ्या अकरात तिनं चार चुका काढल्या. चारी खऱ्या होत्या. पुढची पानं तिनं एकटीनं संपवली. मुंजाजी काल प्रबंध देऊन आला.

भिंतीवरचा नियम पुसून नवा लिहायला ब्रश घेतला होता. मनकर्णानं तो हातातून काढून घेतला आणि स्वतः लिहिलं: ओळ येईपर्यंत थांबा. आज मानवतहून दोन नवे जण आले. त्यांना बटणाजवळ तीच उभं करत होती. म्हणाली, घाबरू नका, लय सोपं हाय, नुसतं थांबायचं. आमच्या सरांनाबी जमलंय.

मी खडू शोधायला लागलो.

सवडीनं येऊन वर्ग बघून जा. चुका काढत राहा, आणि माया आहे तशीच असू दे.

तुझा,
रंगनाथकाका