साहेबांसाठी रिकामी केलेली बस

७ जानेवारी, सोमवार
सकाळी साडेसहाची सिल्लोडची बस आली नाही. सातपर्यंत वाट पाहिली. शेजारची कोमल दप्तर घेऊन थंडीत उभी, बारावीचं वर्ष. अखेर कंडक्टरला फोन लावला. "आत्या, तुमची फेरीच बंद केली. प्रवासी नाहीत म्हणे." आधी एक ओळ नाही, निरोप नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. लाइन तोडण्यापूर्वी आम्हीसुद्धा कळवायचो.

८ जाने.
प्रवासी नाहीत? मग रोज माझ्या पायावर पाय देऊन कोण उभं असतं? दुष्काळानं अर्धं गाव वाळूजच्या कंपन्यांत गेलं, कबूल. उरलेली माणसं नव्हेत का? टँकर देताना मोजता, बस देताना विसरता!
संध्याकाळी कोमलचा बाप, रामकिसन. "आत्या, पोरीला आता घरीच ठिवतो. रोज कोन नेईल? सोयरीक बी आलीया."
परीक्षा पुढच्या महिन्यात! तोंडाला येईल ते बोलले. चहा दिला, पण बोलले.

९ जाने.
रशीदभाईंचं भलं होवो. पिकअपमधून सिल्लोडला मका नेतात. स्वतःहून दारात आले. "आपा, पोरी को भेजो. सामने बिठाताऊं." रामकिसन म्हणे, एकटी नको. मग मी बसते मध्ये, म्हटलं. पण मका महिनाअखेरीस संपणार. पुढे?

११ जाने.
पिकअपमध्ये हाडं खिळखिळी झाली. कोमल वाटभर रसायनशास्त्र पाठ म्हणते, रशीदभाई "अजून एकदा" म्हणतात. परत आल्यावर त्यांच्या बायकोनं गरम भाकरी अन् ठेचा पाठवला. निवृत्तीनंतर शहरातला, गारखेड्यातला फ्लॅट सोडून माहेरच्या गावी आले तेव्हा मैत्रिणींनी वेड्यात काढलं होतं. फ्लॅटमध्ये आठ-आठ दिवस बेल वाजायची नाही.

१५ जाने., संक्रांत
वच्छला, कोमलची आई, तिळगूळ घेऊन आली. बोलता बोलता काय बाहेर पडावं! मागच्या महिन्यात मी शहरात होते तेव्हा एसटीचे एक साहेब बसमधले प्रवासी मोजायला आले होते.
"पह्यल्यांदा आलते आत्या. गर्दीत कुठं बसावं त्यांनी? ह्यांनी समद्यांना उतरवलं. कोमलला बी. म्हनले, आज साहेबांना मोकळं जाऊ द्या."
"आणि साहेब?"
"लई खूश. पाय लांब करून बसले."
मी कपाळाला हात लावला. मग हसले. मग पुन्हा राग आला.

१६ जाने.
रामकिसनला धरलं. "अरे, तो मोजायला आला होता!"
"मंग इचारायचं की. सांगितलं असतं किती हाय ते. पाव्हन्याला उभं ठिवायचं व्हय, आत्या?"
शहरात माझ्यासाठी जागेवरून कुणी उठल्याचं आठवत नाही. इथं रोज उठतात. या लोकांचं देणं कसं फेडायचं?

१८ जाने.
रशीदभाईंनी कोमलला कॉलेजला सोडलं, मला डेपोत. समोर तेच, मोजायला आलेले साहेब.
"मॅडम, गावात लोकसंख्याच उरली नाही."
"तुमच्यासाठी उतरली होती ती." सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, एवढं खरं. म्हणाले, "फार चांगली माणसं आहेत हो." म्हटलं, चांगली म्हणूनच पायी गेली. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या."
शहरातल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर सांगायच्या, तक्रार रडून करायची नाही, लिहून करायची. तिथंच बसून लिहिलं, पोच घेतली.
येताना रामकिसनला सांगितलं. "उत्तर येईस्तवर सोयरीकीच्या पाव्हन्यांना थांबाया सांगतो," म्हणाला. बिचारा. चांगलाच आहे.
अर्जाचा शेवट इथं उतरवून ठेवते:

"आपण त्या दिवशी ज्या बाकावर बसून आलात, तिथे बारावीची एक मुलगी रोज बसते. फेरी कोणत्या तारखेपासून सुरू करणार, आणि करणार नसाल तर का, हे मला ३१ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर मी स्वीकारणार नाही."