चार मोकळ्या तारा

२ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
बास गिटार घरी आला. लाल, चार तारांचा, जुना, स्वस्तातला. विकणारा म्हणाला, चांगला वाजतो. विकणारा दुसरं काय म्हणणार? माझ्या मते पिंड उत्तम आहे, फक्त संस्कार कमी पडले आहेत. ते आपल्या हातात आहे.
हिने बास उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, अहो, अठ्ठावीसला शाळेत माझा निरोप समारंभ. एकतीस वर्षं मुलांना गायला लावलं, शेवटच्या दिवशी मी गाणार आहे. माझंच गाणं. तुम्ही शेजारी उभं राहून हा वाजवा.
म्हटलं, अवश्य.
म्हणाली, चाल अशी बांधते की चारच सूर लागतील. चार मोकळ्या तारा. एकही बोट दाबायला नको.
किंचित अपमान झाल्यासारखं वाटलं, पण संगीत शिक्षिकेला पहिलीच्या वर्गाशी बोलायची सवय असते. सव्वीस दिवस हातात आहेत. गाणं सहा दिवसांत बसेल. उरलेल्या वीस दिवसांचं काय करायचं हाच प्रश्न.

३ मार्च
प्रश्न सुटला. बासला गुणगुण आहे. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, लावला की मधमाश्यांचं पोळं. अशा वाद्यावर सराव करणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. आधी वाद्य, मग वादन.

४ मार्च, ऑफिसात, दुपारी.
पत्रोत्तर विभागात बावीस वर्षं झाली. तक्रार कोणतीही असो, उत्तर एकच: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही सुरू आहे. आज अशी चौदा गेली. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला नावाने ओळखतो.
संकल्प: समारंभातलं वादन लोक ऐकतील. एखादा बँडवाला त्यात असेलच. एकतीस तारखेला राजीनामा. मसुदा तयार आहे, दोन ठिकाणी विशेषणं जड झालीत.

६ मार्च
गच्ची बंद करून केलेल्या खोलीत कार्यशाळा थाटली. वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल, मी आणि बास. दार आत उघडतं, त्यामुळे टेबल मांडलं की दार उघडत नाही आणि दार उघडलं की टेबल मांडता येत नाही. एकाग्रतेला पोषक.
वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून तांब्याची पट्टी आणली. बासच्या पोटात आतून चिकटवली की गुणगुण जाते. मिस्त्रीने विचारलं, वाजवून बघितलात का? म्हटलं, ती पुढची पायरी.

८ मार्च, रविवार
गुणगुण गेली. आवाजही गेला.
तांब्याची पट्टी नको तिथे टेकली होती म्हणे. मिस्त्रीने दोन मिनिटांत सोडवलं. जाताना विचारलं, वाजवून बघितलात का? या माणसाला दुसरा विषय नाही.
हिने विचारलं, सराव? म्हटलं, योग्य ती कार्यवाही सुरू आहे.

११ मार्च
जुना पिकअप काढला. तारांचं थरथरणं टिपणारा हा बासचा कान, आणि हा कान तिखट होता. नवा आणला. नवा खाचेत मावत नाही. खाच कानशीने मोठी केली. लाकडाचा बारीक भुसा लेकीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला. लेक म्हणाली, बाबा, कॉलेजात सगळे विचारतात, तुझ्या घरी सुतार राहतो का. मी काय सांगू? म्हटलं, सांग, कलावंत. म्हणाली, मग सुतारच सांगते.
काढलेले भाग बिस्किटाच्या डब्यात. मालक कृतघ्न नाही.

१४ मार्च, शनिवार. हे कार्यशाळेतूनच लिहितो, कारण बाहेर जाता येत नाही.
तारा ज्या बारक्या पट्टीवरून बासच्या मानेवर उतरतात ती प्लास्टिकची होती. हाडाची बसवली. डिंक वाळेपर्यंत दाब हवा, म्हणून मानेचं टोक दाराला टेकवून टेबलाने रेटून ठेवलं. दोन तास. आपण आत आहोत हे रेटल्यावर लक्षात आलं.
लेकीने बाहेरून विचारलं, बाबा, पाणी हवंय का. हवंय, पण कुठून देणार? दाराखालून सरकवता येईल असं बिस्कीट दिलं. तुरुंगातही ताट असतं.
हिचा कीबोर्डवरचा सराव ऐकू येत होता. गाणं चांगलं आहे. कुणालाही निरोप वगैरे देत नाही, शाळेच्या रिकाम्या वर्गाबद्दल आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी ही थांबते. चार ओळी, चार जागा. त्या माझ्या. मोकळ्या ठेवल्या आहेत.
दोन तास दहा मिनिटांनी सुटका. उद्यापासून सराव, निश्चित.

१५ मार्च
नव्या पट्टीच्या खाचा कानशीने घासताना जरा जास्त खोल गेल्या. मोकळी तार छेडली की खर्र होतं. बोट दाबलं की होत नाही. पण गाणं मोकळ्या तारांचंच आहे. योगायोग विचित्र असतात. दुसरी पट्टी आणली. पुन्हा डिंक, पुन्हा दार.
आज हिच्या गाण्यातल्या त्या जागा मोकळ्या वाटल्या नाहीत. खालून काहीतरी घुमत होतं. बहुधा वॉशिंग मशीन. त्याचे पाय समपातळीत नाहीत. नोंद: मशीनखाली पुठ्ठा.

१८ मार्च
मानेच्या आतल्या लोखंडी सळईला पाव फेरा द्यायचा असतो, मग एक दिवस थांबायचं. मी अनुभवी असल्याने पूर्ण फेरा दिला. मान धनुष्यासारखी वाकली. तीन दिवस विश्रांती हवी असं मिस्त्री म्हणाला. बासला की मला, ते स्पष्ट नाही. शिवाय विचारलंच, वाजवून बघितलात का.
साहेबांनी बोलावलं. एका ग्राहकाला मी लिहिलं होतं, आपल्या मानेची नोंद घेण्यात आली आहे. स्पष्टीकरण मागितलं. लेखी. त्यांना उत्तर दिलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

२१ मार्च, शनिवार
पुठ्ठा लावला. तरी घुमतंय. मशीन बंद असतानाही घुमतंय. पाइपलाइन असावी.
ही म्हणाली, एकदा तरी बरोबर वाजवू या का? नुसतं एकदा. म्हटलं, तारा नव्या आहेत, ताण स्थिरावू दे. हिने कीबोर्डवर कापड पांघरलं. मग म्हणाली, बरं. एकतीस वर्षांत पालकसभेत तिने असं बरं किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

२४ मार्च, मंगळवार
कळस चढला. बासच्या पोटात सेलवर चालणारं सर्किट बसवलं. आवाज असा फुलतो की बस. सेल वीज मोजायच्या जुन्या मल्टिमीटरमधला काढला, टाकाऊतून टिकाऊ. मिस्त्रीने बजावलं, वायर लावून ठेवू नका, लावली की सेल खर्च होतो, मग वाजो न वाजो. मूळ बासला सेल लागत नव्हता, हेही म्हणाला. जुन्या विचारांचा माणूस.
मी वायर मुद्दाम लावूनच ठेवली. म्हणजे मनात आलं की लगेच सराव.

२६ मार्च
मनात आलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
चार सूर वाजवायला सराव कशाला? संस्कृत पाठशाळेत मी संपूर्ण धातुपाठ एका रात्रीत पाठ केला होता. (नापास झालो, तो वेगळा विषय.) बास पुसून ठेवला. दर्शनीय दिसतो. राजीनाम्यातली विशेषणं काढून टाकली.

२८ मार्च, शनिवार. दुपार.
यशस्वी.
सभागृह भरलेलं. ही कीबोर्डला बसली, मी शेजारी उभा. माईकवाल्याने हात वर केला, म्हणजे सगळं ठीक. पहिल्या ओळीच्या शेवटी मी जाड तार छेडली आणि असा सूर उमटला की माझ्याच पायाखालची फळी थरथरली. गोल, मऊ, खोल. तिखटपणा नावाला नाही. पिकअप, हाड, सळई, सर्किट, सगळ्याचं चीज झालं. चारही जागी अचूक. मुख्याध्यापिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, खालचा सूर अगदी काळजात उतरला. मी मान लववली. हीसुद्धा गालात हसली.
सोमवारी राजीनामा. एक दिवस अलीकडेच.

२८ मार्च, संध्याकाळी सहा.
पुन्हा तो सूर ऐकावा म्हणून घरी बास ॲम्पला लावला. काही नाही. केबल बदलली. काही नाही. सेल काढून तपासला. मृत. नुकता गेलेला नव्हे, पुरता थंड. मंगळवारपासून वायर लावलेली.
म्हणजे सकाळी समारंभातही.
स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, तो खालचा सूर कुणाचा होता. भाजी चिरता चिरता तिने डावा हात वर केला. त्यात सुरी होती.
कधीपासून, म्हणून विचारलं. म्हणाली, पंधरा तारखेपासून. चौदाला तुम्ही दाराआड अडकलात ना, तेव्हा म्हटलं कीबोर्डवर खालच्या सुरांना आपण आपला डावा हात बसवून ठेवू.
लेक म्हणाली, बाबा, पाइपलाइन.
मग तुला मी हवा कशाला होतो, असं विचारलं. ही म्हणाली, शेजारी उभं राहायला. तेवढंच तर सांगितलं होतं, सूर हे आपलं निमित्त. उभे मात्र छान राहिलात. आणि चिरलेली भाजी कढईत लोटताना म्हणाली, आपल्या प्रयत्नांची नोंद घेण्यात आली आहे.

३० मार्च, सोमवार
ही आजपासून घरी. मी ऑफिसात. सोळा पत्रं. राजीनामा खणात, विशेषणांशिवाय फारच छोटा दिसतो. भिंतीवर नवा पोपडा.
संध्याकाळी बास आणि बिस्किटाचा डबा मिस्त्रीकडे दिला. सांगितलं, बासमध्ये हे सगळं परत बसवा, जसं होतं तसं. त्याने विचारलं, वाजवून बघितलात का?
म्हटलं, हो. भर सभागृहात.
कसा वाजला?
म्हटलं, ते बायकोला विचारावं लागेल.