ठाणेदार बिमार, सुखराम जबाबदार

१४ ऑक्टोबर
दुकानातून घरी आलो तं आंगणात जंगल विभागाचे दोन माणसं उभे. म्हणे, खबर आहे, तुमच्या घरी घोरपड पाळली आहे. घोरपड! श्रुतिकानं नागपूरवरून आणलेला बेअर्डेड ड्रॅगन आहे तो. ऑस्ट्रेलियाकडचा सरडा. गळ्याखाली काटेरी दाढी, चाल रुबाबदार, म्हणून नाव ठाणेदार. होस्टेलवाल्यांनी पोरीले ठेवू नाई देला, तं माह्याकडे सोपवून गेली. बाबा, याले जपा, म्हणे. पावती दाखवली, ते गेले. पण अख्ख्या मोहल्ल्यानं पायलं.
खबर कोणी देली? बाजूचा सुखराम, अजून कोण. उकव्याच्या खाणीतून रिटायर झाल्यापासून त्याले धंदा नाई. मागं भिंतीवरून विचारलं होतं, मेश्रामजी, ये काटता है क्या? तवाच नियत समजली.
संकल्प: बदला. थंड डोक्यानं.

१५ ऑक्टोबर, सकाळी
डोकं थंड नाई होऊन राह्यलं.
ठाणेदाराची खिडकी सुखरामच्या आंगणाकडे उघडते. श्रुतिका सांगून गेल्ती, रोज सकाळी खिडकी उघडून ऊन द्यायचं. म्हणजे रोज सकाळी सुखरामले फुकटात दर्शन. बंद! माह्यं प्लायचं दुकान काय कामाचं मंग. चांगलं मोटं प्लाय आणलं अन् खिडकीवर ठोकलं. आम्रपाली म्हणे, अन् त्याचं ऊन? मी बल्ब लावून देला. ऊन म्हणजे शेवटी उजेड अन् गरमीच नं. बायकोले सायन्स कोण समजावणार.

३ नोव्हेंबर
नुसतं प्लाय कमी पडून राह्यलं. आज मोठा स्पीकर आणला, सुखरामच्या घराकडे तोंड केलं, सकाळपासून जुने गाणे, फुल व्हॉल्यूम. दुपारी सुखराम फाटकाशी. वाटलं, आला हात जोडत. म्हणे, बायकोले कमी ऐकू येते, लय दिवसानं तिले घरबसल्या गाणे ऐकू आले, उद्याही लावसान का. वाटीभर खीर देऊन गेला.
स्पीकर बंद. खीर ठीकठाक. गोड जास्त.

२८ नोव्हेंबर
ठाणेदार खाऊन नाई राह्यला. टोळ तोंडासमोर नाचवला, मेथी देली. पाहून न पाहिल्यासारखं. दाढी काळी पडली. आम्रपाली म्हणे, बिमार आहे. बिमार नाई, गुस्सा आहे. अपमान त्याचाही झाला नं. माह्यासारखाच, मनात ठेवते.
श्रुतिकाचा फोन. ठाणेदार कसा आहे? एकदम मस्त, म्हटलं.

९ डिसेंबर
मागचे पाय थरथर करून राह्यले. उठते, पुन्हा पोटावर पडते. आज सगळं समजलं. विष! सुखराम आपल्या गोबीवर काहीतरी फवारते, वारा तिकडून इकडे येते. खिडकीले प्लाय आहे, पण फटीतून येत असन.
सुखराम बजारात गेल्यावर भिंतीवरून हात घालून गोबीचा गड्डा तोडला. सबूत. प्लास्टिकच्या पन्नीत बांधून फ्रिजमध्ये ठेवला. तपासणी करून घेतो अन् मंग पोलीस, कलेक्टर, जिथं जा लागन तिथं जातो.

१० डिसेंबर
आम्रपालीनं सबुताची भाजी केली. जेवल्यावर समजलं. दोघंही ठणठणीत आहो. म्हणजे विष फक्त ड्रॅगनवर चालते. लय हुशार माणूस आहे सुखराम.

१२ डिसेंबर
सकाळी ठाणेदाराले मान उचलता नाई आली. जबडा हाताले मऊ लागला. हातात घेतला तं डोळे मिटून पडून राह्यला, रुबाब काहीच नाई. मले काही सुधरेना. पोरीले काय तोंड दाखवू?
आम्रपालीनं टॉवेलात गुंडाळून जोड्याच्या खोक्यात ठेवला, म्हणे गाडी काढा. जनावराच्या डॉक्टरनं सरळ सांगतलं, मी गाई-म्हशीवाला, पण नागपूरले माहा एक दोस्त आहे. त्याले व्हिडिओ कॉल लावला. नागपूरवाल्यानं पाय पायले, जबडा दाबाले लावला, मंग विचारलं, ऊन भेटते का याले? आम्रपालीनं माह्याकडे पायलं. मी म्हटलं, बल्ब आहे. तो म्हणे, बल्बानं हड्ड्या नाई बनत. काचेतूनही नाई चालत, खुल्लं ऊन पाहिजे. अजून थोडं उशिरा आणला असता तं गेला असता. मी विचारलं, विष? म्हणे, विष नाई, अंधार.
कॅल्शियमचे थेंब लिहून देले. डॉक्टर चांगला आहे, पण सुखरामबद्दल त्याले पूर्ण माहिती नाई.

१३ डिसेंबर
प्लाय काढलं. ऊन नाई! थंडीत सूर्य सरकला, सुखरामच्या घराच्या आड गेला. सूर्यही त्याच्याच बाजूनं. आता सकाळचं ऊन फक्त त्याच्या आंगणात.
आम्रपाली मले न विचारता जाऊन बोलून आली. सुखराम म्हणे, हौ, आणा नं, काहून नाई. खाट टाकून देली. मी गेलो, पण डोक्यात प्लान ठेवून. दुश्मनाच्या घरात बसून त्याची चाल पाहायची.
चहा प्यायचा नाई असं ठरवून गेल्तो. पेलो. बिस्कुट मात्र नाई घेतलं.

२९ डिसेंबर
ठाणेदारानं आज टोळ खाल्ला! पाय टेकून उभा झाला. थेंब सुखराम पाजते, कारण मी पाजतो तवा तो तोंडच उघडत नाई. थंडीनं. मले सुखरामजी म्हणा लागते, तोंडावर.
दुपारी जंगल विभागातला त्या दिवशीचा नाकेदार दुकानात प्लाय घ्याले आला. माप घेता घेता विचारलं, खबर कोणी देल्ती? तो हासला. म्हणे, तुमच्याच व्हॉट्सॲप स्टेटसवर तं होती. फोटो, अन् खाली लिहिलं, हमारे घर की घोरपड, है किसी में दम? अन् तुमचे शेजारी बिचारे गल्लीतच भेटले, म्हणे विदेशी जीव आहे, पोरीचा आहे, घरच्यांले भेव नका दाखवू.
मले वाटते फोन हॅक झाल्ता. घरी कोणाले सांगतलं नाई.

११ जानेवारी
श्रुतिका आली. घरी ठाणेदाराची काचेची टाकी रिकामी पाहून सरळ सुखरामच्या आंगणात गेली. मागं मी. ठाणेदार खाटेवर ऊन खात होता, मान उंच, पहिल्यासारखा. मी हात पुढं केला, ये बेटा. तो पलटला अन् सुरकन सुखरामच्या बाहीतून चढून कॉलरजवळ जाऊन बसला. पोरगी हासून हासून लोटपोट. मंग म्हणे, बाबा, जिथं ऊन तिथंच राहू द्या याले.
टाकी मीच उचलून नेली. सुखरामनं एका बाजूनं हात लावला. म्हणे, मेश्रामजी, रोज येत जा भेटाले. मी म्हटलं, पाहू, टाइम भेटला तं.
घरी येऊन आम्रपालीले विचारलं, इतले महिने खाऊपिऊ घातलं, तो मले ओळखत नाई का?
ती म्हणे, ओळखते नं. म्हणूनच तं पळाला.